आमच्या मशीनचा ओ

डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
मशीन पुंडलीक सरांचं.
ओ दाबला की कागदाला भोक पडतं,
रिबन नवी असो, बोट हलकं असो.
गिऱ्हाईक कागद उजेडाकडे धरून विचारतं,
हें कितें रे, वाळवी?
मी म्हणतो, इंग्रजी.

सर मराठी शाळेतून निवृत्त झाले ते थेट या खुर्चीत.
म्हणायचे, आपल्याकडे दिनाचा दीन झाला
तर वाचणारा सांभाळून घेतो.
इंग्रजीत एक अक्षर चुकलं
की माणूस भलत्याच घरात शिरतो,
आणि तिथेही कोणीतरी राहत असतं.

मयेच्या तळ्याकाठी रुझारचं हॉटेल.
त्याच्या मेन्यूत मी डेझर्टला एकच एस दिला.
सरांनी कागद ओढला, रोलर किंचाळला.
"वाळवंटात बेबिंका?
रुझार, तुझी गिऱ्हाइकं तहानेनं मरतील."
"बरें मरे सर, बियर खपतली."
तरी पान पुन्हा टाइप झालं.
दुसरा एस म्हणजे साखर, सर म्हणाले,
पुन्हा विसरलास तर चहा तसाच पिशील.
दोन दिवस तसाच प्यायलो.

पलीकडच्या वह्या-पेनांच्या दुकानावर
स्टेशनरीत ई-च्या जागी ए आहे.
म्हणजे, न हलणारं.
मालक उसगावकर, कमरेखाली लुळे,
गल्ल्यामागून सगळ्यांना हात करायचे.
ती पाटी सर रोज वाचायचे
आणि पुढे जायचे.

मग खाणी बंद पडल्या.
फटू गावस बँकेला द्यायचं पत्र घेऊन आला,
पुतणीनं लिहिलेलं, ट्रकचे हप्ते थकलेले.
नोकरीपुढे लूज, त्यात दोन ओ.
मी समजावलं : एक ओ म्हणजे गेली.
दोन म्हणजे सैल. नाडी, दात, नटबोल्ट.
मी एक खोडायला गेलो
तर त्यानं मनगट धरलं.
"दवर तो. गेल्या न्हय ती.
सैल जाल्या. परत आवळटले."
मी दोन भोकं पाडली.
ट्रक अजून फणसाखाली आहे,
स्टिअरिंगवर कारल्याचा वेल.

सर गेले, त्यानंतरच्या चवथीला
घरची खणं पुसताना
मृत्युपत्राचा कच्चा कागद मिळाला.
स्वतः टाइप केलेला, मी झोपल्यावर असणार.
माझं नाव, कुष्टा, त्यात ओ नाही.
आणि नावाआधी : माय अडॅप्टेड सन.
ओ नव्हे, ए.
दत्तक नव्हे. जुळवून घेतलेला.
उसवून, कापून, पुन्हा टाके घालून
दुसऱ्याचा सदरा अंगावर बसवावा तसा.

मी सहा वर्षांचा त्या घरात आलो
तेव्हा तिथे मासळी शिजत नव्हती.
मी आठ दिवस भात नुसता चिवडला.
नवव्या दिवशी सर बाजारातून बांगडे घेऊन आले,
पिशवी अंगापासून हातभर लांब,
तोंड दुसरीकडे.

लाल पेन्सिल हातात घेतली.
वाटलं, माझ्या ओळीत भोक नको
म्हणून ओ टाळला असेल.
पण पुढच्याच शब्दात तो आहे,
सन-च्या पोटात, गोल, आरपार.
कागद खिडकीशी धरला.
भोकातून शेजारच्या कौलांवरचं ऊन दिसलं.
सन आणि सन. एक ओ-चा, एक यू-चा.
हा फरक मी छडी खाऊन शिकलोय.

पेन्सिल कानावर ठेवली.
वकिलाच्या पक्क्या प्रतीत ओ आहे, जागच्या जागी.
घर त्या प्रतीनं माझ्या नावावर झालं.
कच्चा कागद मी मशीनच्या झाकणाखाली ठेवतो.
सकाळी झाकण काढताना
तो आधी बाजूला करावा लागतो.